लाल पॉलिस्टरवर गुलाबी झालेल्या पांढऱ्या शाईबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पांढऱ्या प्लास्टिसोल शाईबाबत दिलेली चुकीची माहिती व त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई

महोदय,

कोल्हापुरात माझे स्क्रीन प्रिंटिंगचे छोटे दुकान आहे. मी, माझा धाकटा भाऊ आणि एक मदतनीस मुलगा, एवढीच माणसे. जानेवारीत आपल्या प्रतिनिधीकडून आम्ही पांढऱ्या प्लास्टिसोलचा, म्हणजे उष्णता दिल्यावरच पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकयुक्त शाईचा, ५ किलोचा डबा घेतला आणि त्या शाईने एका तालमीच्या फुटबॉल संघाचे १२० टी-शर्ट वाया गेले. आपल्या कार्यालयात फोन केला, तर "तुम्ही हीट जास्त दिली असेल" एवढेच उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही. का नाही, ते लिहिते.

अकरा वर्षे आम्ही सुती टी-शर्टवर वॉटर बेस शाईचेच काम केले. पिगमेंट, बाइंडर, फिक्सर हाताने मिसळायचे आणि भराभर स्क्वीजी (शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) ओढायची. ऊन वाढले की ही शाई जाळीतच वाळते. फोन घ्यायला थांबले तरी भोके बुजतात. शिवाय गडद कापडावर पांढरा रंग हवा तसा उठत नाही. आता मंडळे आणि तालमी ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर वाळणारे पॉलिस्टरचे टी-शर्ट, मागतात. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम म्हणजे काय असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पेठेचा रंग भडक आणि त्यावरचे नाव पांढरेशुभ्रच लागते. म्हणून प्लास्टिसोलकडे वळलो. ती हवेवर वाळत नाही, जाळीवर तशीच राहिली तरी बिघडत नाही, आणि गडद कापड नीट झाकते.

घेण्याआधी मी आपल्या प्रतिनिधींना व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारले होते, "लाल ड्रायफिटवर चालेल का?" उत्तर आले, "ताई, सगळ्या कापडावर चालते, १६० डिग्री द्या." डब्यावरही 'सर्व प्रकारच्या कापडासाठी' असेच छापले आहे. पॉलिस्टरबद्दल एक शब्द नाही.

छपाई अशी केली : ४३ टीची (सेंटीमीटरला ४३ धाग्यांची) जाळी, मध्ये फ्लॅश देऊन (थोडी उष्णता देऊन पहिला थर वरवर घट्ट करून) शाईचे दोन हात, आणि शेवटी १६० डिग्री. तापमान मोजायच्या गनने आम्ही दर दहा-बारा नगांनंतर तपासत होतो. गुरुवारी रात्री माल दिला तेव्हा अक्षरे दुधासारखी होती. शनिवारी संध्याकाळी तालमीतून फोन आला की नाव गुलाबी पडले आहे. रविवारी शाहू स्टेडियमवर सामना होता. पोरांनी वर्गणी काढून शिवलेले टी-शर्ट घड्या घालून माझ्या दुकानात परत आणून ठेवले. एकही उलटा शब्द बोलले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

त्यानंतर मी त्याच डब्यातल्या शाईने चार तुकडे छापले. लाल पॉलिस्टरवर १६० डिग्री दिले, ते तीन दिवसांत गुलाबी झाले. लाल पॉलिस्टरवरच १३० डिग्री दिले, तर रंग बराच टिकला, पण कापड ताणताच शाईला भेगा गेल्या आणि एका धुण्यात कडा सुटल्या. लाल सुती कापडावर १६० डिग्री दिले, ते आजही पांढरे आहे. पांढऱ्या पॉलिस्टरवर १६० डिग्री दिले, तेही पांढरेच आहे.

म्हणजे शाईचा रंग खराब नाही आणि हीटही जास्त झाली नाही. त्या शाईला पक्के व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत लाल पॉलिस्टरचा रंग सुटतो. पॉलिस्टर डिस्पर्स डाय नावाच्या रंगाने रंगवतात. तापल्यावर त्या रंगाची वाफ होऊन तो वर सरकतो आणि शाईतल्या प्लास्टिसायझरमध्ये (शाई लवचिक ठेवणाऱ्या द्रवात) मुरतो. हे मुरणे छपाईनंतरही दिवसेंदिवस चालू राहते, म्हणून गुरुवारचे पांढरे शनिवारी गुलाबी दिसले. लाल आणि मरून रंगात हा त्रास सर्वांत जास्त. सब्लिमेशनची छपाई (कागदावरचा रंग उष्णतेने वाफ करून कापडात उतरवणे) रंगाच्या याच गुणावर चालते, पण तिथे पांढरी शाई नसतेच, पांढरे हवे तिथे कापड कोरे ठेवतात. शेवटी तालमीचे टी-शर्ट मी पदरमोड करून बाहेरून तसेच, पांढऱ्या कापडावर लाल छापून, करून दिले.

हे सगळे मला नुकसान झाल्यावर शिकावे लागले. आपल्याला मात्र ते आधीच माहीत होते, कारण पॉलिस्टरसाठीची, कमी तापमानावर पक्की होणारी लो ब्लीड (कापडाचा रंग कमी ओढणारी) पांढरी शाई आपल्याच यादीत आहे. गडद पॉलिस्टरवर तिच्याखाली द्यायचा, कापडाचा रंग अडवणारा करडा ब्लॉकर बेसही आहे. दोन्ही थोडे महाग आहेत. मी ते घेतले असते. मी कापड सांगून विचारले होते, तरी मला ती नावे कोणी सांगितली नाहीत.

माझी मागणी अशी : १२० टी-शर्टचे प्रत्येकी १८० रुपयांप्रमाणे २१,६०० रुपये आणि डब्याची पूर्ण किंमत परत मिळावी. माझी छपाईची मजुरी मी धरलेली नाही. आणि डब्यावर कोणत्या कापडावर ही शाई चालत नाही ते मराठीत व हिंदीत ठळक छापावे. माझ्यासारख्या दुकानांत माहितीपत्रक पोहोचत नाही, डबाच पोहोचतो.

"धंद्यासाठी घेतलेला माल, ग्राहक कायदा लागू नाही" असेही मला फोनवर सांगण्यात आले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, असा खुलासा आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

चारही तुकडे तापमान व तारखेच्या चिठ्ठीसह, बिलाची प्रत आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणाची छापील प्रत सोबत जोडली आहे. उरलेली सुमारे ३ किलो शाई झाकण लावून ठेवली आहे. आपला माणूस ती न्यायला येईल, तेव्हा त्यांनी गुलाबी टी-शर्टही हातात घेऊन पाहावेत.

कळावे.

आपली ग्राहक,
स्क्रीन प्रिंटिंग व्यावसायिक, कोल्हापूर