‘टॉमी’च्या आधी ‘सॉरो’

महोदय,

साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. ‘द हू’ या बँडच्या ‘टॉमी’ने अख्ख्या अल्बमभर एक कथा सांगण्याची वाट पाडली, हे त्यातले विधान मात्र दुरुस्त करायला हवे. ‘टॉमी’ आला मे १९६९ मध्ये. ‘द प्रिटी थिंग्ज’चा ‘एस. एफ. सॉरो’ त्याआधीच, डिसेंबर १९६८ मध्ये, ब्रिटनच्या दुकानांत पोहोचला होता. एका माणसाची जन्मापासून एकाकी म्हातारपणापर्यंतची कहाणी त्यात आहे.

हा बँड कोणी ऐरागैरा नव्हता. गिटारवादक डिक टेलर रोलिंग स्टोन्सच्या अगदी सुरुवातीच्या संचात होता. तिथून बाहेर पडून १९६३ मध्ये त्याने गायक फिल मेबरोबर हा बँड काढला. ‘सॉरो’चे ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झाले आणि निर्माता होता नॉर्मन स्मिथ, म्हणजे ‘रबर सोल’ या अल्बमपर्यंत बीटल्सचे ध्वनिमुद्रण सांभाळणारा आणि पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमचा निर्माता. तरीही अल्बम पडला. बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ नुकताच आला होता, स्टोन्सचा ‘बेगर्स बँक्वेट’ही त्याच डिसेंबरातला. अमेरिकेत तर मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या ‘रेअर अर्थ’ लेबलने तो काढेपर्यंत ‘टॉमी’ गाजून गेला होता. त्यामुळे जे आधी घडले तेच मागाहूनची नक्कल ठरले. ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांनी काही उचलले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘टॉमी’ मोठाच आहे, पण ज्याचे श्रेय त्याला मिळावे.

‘बलून बर्निंग’ ऐकून पाहा. सॉरोची प्रेयसी ज्या एअरशिपमधून त्याच्याकडे येते आहे, ते त्याच्या डोळ्यांदेखत पेट घेते. गिटार एकच आवर्तन धरून बसते, सोडतच नाही. ऐकताना जीव मुठीत येतो. लगेच पुढे ‘डेथ’, संथ आणि जड, त्यात चक्क सतार. शेवटचे ‘लोनलिएस्ट पर्सन’ जेमतेम दीड मिनिटाचे, एक गिटार आणि गाणारा आवाज, बस्स.

नव्या श्रोत्यांची अडचण वेगळी आहे. गाण्यांना जोडणारी कथा फिल मेने लिहिली होती आणि ती कव्हरवर, गाण्यांच्या शब्दांच्या मधेमधे छापलेली होती. मोबाइलवर गाणी मिळतात, ती कथा मिळत नाही. मग हा सॉरो कोण, युद्धावर का गेला, बॅरन सॅटर्डे मध्येच कुठून उपटला, काही कळत नाही आणि माणूस दोन गाण्यांत कंटाळतो. १९९८ मध्ये बँडने ॲबी रोडलाच हा अल्बम पुन्हा सादर केला, तेव्हा गायक आर्थर ब्राउन यांनी मधली कथा वाचली आणि पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर गिटारला बसले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने त्या ध्वनिमुद्रणापासूनच सुरुवात करावी.

फिल मे २०२० मध्ये गेले. पुरवणीत दुरुस्ती छापताना या अल्बमच्या कथेचा चार ओळींचा गोषवाराही द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक