ब्लॅककरंट बियांच्या तेलाचा चुकीचा अहवाल: फेरतपासणी व पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
अंधेरी (पूर्व), मुंबई

तुमच्या प्रयोगशाळेच्या टेक्निकल विभागाशी आत्ताच फोनवर बोलून झालं. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी.

भांडुपला माझं चेहऱ्याची तेलं आणि क्रीम बनवायचं छोटं युनिट आहे. पोलंडहून आलेल्या ब्लॅककरंट बियांच्या तेलाचा नमुना जीसी-एमएसवर (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या मशीनवर) फॅटी ॲसिड प्रोफाइल, म्हणजे कोणतं ॲसिड किती ते, काढायला तुमच्याकडे दिला होता. या तेलाला एवढे पैसे मोजायचे ते त्यातल्या गॅमा लिनोलेनिक ॲसिडसाठी. अस्सल तेलात ते साधारण 10 ते 20 टक्के असतं, जोडीला अल्फा लिनोलेनिक आणि थोडं स्टिअरिडोनिक. तुमच्या अहवालात गॅमासमोर ‘आढळले नाही’, अल्फासमोर 29.4 टक्के, आणि स्टिअरिडोनिकचा उल्लेखच नाही. म्हणजे पुरवठादाराने मला फसवलं, असाच याचा अर्थ होतो.

पण मशीनने काढलेला मूळ आलेख, क्रोमॅटोग्राम, अहवालासोबत जोडलेला नव्हता. मागून मागून एकदाचा मिळाला. त्यात लिनोलेइक ॲसिडच्या मागोमाग दोन स्वतंत्र शिखरं (पीक) स्वच्छ दिसतात, पायथ्यापर्यंत सुटलेली. सॉफ्टवेअरमधल्या ओळखीच्या पदार्थांच्या यादीने (लायब्ररीने) दोन्हींना ‘अल्फा लिनोलेनिक’ असं एकच नाव दिलं आणि तुमच्या माणसाने दोन्हींची बेरीज करून टाकली. त्यांच्या मागचं लहान पीक तर बिननावाचंच सोडलंय. घटक वेगळे करणाऱ्या कॉलमने काम चोख केलं होतं, अहवालावर सही करणाऱ्याने ते बघितलं नाही.

हेच मी फोनवर सांगितलं. उत्तर आलं, “मॅडम, दोन्हींचं मास 292 आहे. मशीनला सारखेच दिसणार.”

रेणूचं वस्तुमान 292 येणारच. दोन्हींचं रेणुसूत्र एक, मशीनमध्ये घालायला केलेले त्यांचे मिथाइल एस्टरही तसेच. गॅमात दुहेरी बंध 6, 9, 12 वर असतात, अल्फात 9, 12, 15 वर. मशीनमधल्या 70 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या माऱ्यात रेणू फुटताना ते बंध जागा सोडतात, म्हणून दोन्ही स्पेक्ट्रम (तुकड्यांचे आलेख) जवळपास सारखे येतात. तेवढ्याचसाठी प्रमाणित मिश्रण (स्टँडर्ड) त्याच दिवशी, त्याच कॉलमवर चालवून रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ, ताडून पाहायचा असतो. मी विचारलं, स्टँडर्ड चालवलं होतं का? “लायब्ररी मॅच 94 टक्के आहे, मॅडम.” बरं, गॅमाकडे बोट दाखवणारा 150 चा तुकडा आणि अल्फाकडे बोट दाखवणारा 108 चा, ते तरी तपासलेत? त्यावर हे गृहस्थ म्हणतात, “तुम्ही केमिस्ट आहात का? क्रीममध्येच टाकायचंय ना? मग दोन्ही ओमेगाच.”

होय, मी केमिस्ट आहे. आणि नसते, तर हा कागद मुकाट्याने घरी न्यायचा होता का? दोन्ही ‘ओमेगाच’ असतील तर तपासणीचे पैसे कसले घेतलेत? एक ओमेगा-6, दुसरं ओमेगा-3. हा फरक ज्याला क्षुल्लक वाटतो त्याला तेलाच्या अहवालाजवळ फिरकू देऊ नका.

नमुन्याचंही सांगते. तो गडद बाटलीत, वर नायट्रोजन भरून, बर्फाच्या पिशवीत दिला होता. तुमच्याच अहवालातल्या फोटोत ते तेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर आहे, झाकण अर्धवट फिरवलेलं. तीन-तीन, चार-चार दुहेरी बंध असलेली ॲसिडं मुंबईच्या उकाड्यात उजेडाला आणि हवेला ठेवायची असतात का?

वर रिटेस्टचे चार्जेस, अधिक जीएसटी! दोन पीकची बेरीज तुमच्या माणसाने केली, ती मोडायचे पैसे मी भरणार नाही. या कागदामुळे पुरवठादाराचं पेमेंट अडकलंय आणि माझी बॅच थांबलीय.

तुमच्याकडे मी आजवर विश्वासाने नमुने देत आले, दुसऱ्या युनिटवाल्यांनाही तुमचंच नाव सांगितलं. आता ते सांगताना लाज वाटेल.

हा अहवाल लेखी मागे घ्या. मी नवा, सीलबंद नमुना देते. गॅमा आणि अल्फा दोन्हींचं स्टँडर्ड चालवून तो विनाशुल्क तपासा. दोन्ही रनचे क्रोमॅटोग्राम आणि मूळ डेटा फाइल द्या. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. अहवालावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह छापलंय, म्हणजे आयएसओ 17025 या प्रयोगशाळांच्या मानकाच्या कलम 7.9 नुसार तक्रार हाताळायची तुमची लेखी पद्धत असणारच. तिचीही प्रत पाठवा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर हे पत्र, तुमचा अहवाल आणि बाटलीचा तो फोटो थेट एनएबीएलकडे जाईल.

भांडुप, मुंबई
(सोबत: अहवाल आणि क्रोमॅटोग्रामची प्रत, दोन्ही पीकवर लाल खूण केली आहे)