मेट्सना आता पिचर हवाय, आणि तो ट्रेडनेच आणा

नोव्हेंबर २०२५

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री डी. वाय. पाटीलला हरमनप्रीतच्या टीमने वर्ल्ड कप जिंकला आणि मग दोन दिवस तुमच्या पेपरात दुसरं काही नव्हतं, ते बरोबरच होतं, मीही सगळं वाचून काढलं. पण त्याच दिवशी पहाटे साडेपाचला, म्हणजे आपल्या वेळेने, टोरंटोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची सातवी आणि शेवटची मॅच सुरू झाली होती, अकरा इनिंग चालली, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी टोरंटोच्या ब्लू जेजना ५-४ हरवलं, आणि तुमच्याकडे आली ती चार ओळींची बातमी, डॉजर्सच्या ओहतानीचा फोटो आणि होमरनचा (थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्याचा) उल्लेख, बस. ज्या माणसाने मॅच जिंकून दिली त्याचं नावच नाही. योशिनोबू यामामोतो, डॉजर्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. आदल्या दिवशी सहाव्या मॅचमध्ये ९६ बॉल टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत उभा राहिला, अजून ३४ बॉल टाकले आणि शेवटचे आठ आउट त्याने काढले. बेसबॉलमध्ये असं करत नाहीत, पिचरने एकदा एवढे बॉल टाकले की पुढचे चार दिवस त्याला मॅचमध्ये उतरवायचा विचारही कोणी करत नाही.

हे पत्र त्यासाठी, कारण पिचिंग हा विषय आपल्याकडे कोणी नीट मांडतच नाही आणि माझी टीम यंदा नेमकी तिथेच बुडाली. माझी टीम म्हणजे न्यूयॉर्क मेट्स. मावसभाऊ क्वीन्सला राहतो, त्याच्यामुळे लागलेलं वेड, आता इथे परळ, दादर, मुलुंड मिळून आमचा छोटासा ग्रुप झालाय. मॅच तिकडे संध्याकाळी ७.१० ला म्हणजे आपल्याकडे पहाटे ४.४० ला, सव्वासात-साडेसातला संपते, मग आंघोळ आणि लोकल. यंदा जून अर्ध्यावर येईपर्यंत आम्ही सगळे हवेत होतो हो. १२ जूनला मेट्स ४५-२४, म्हणजे ४५ जिंकल्या, २४ हरल्या, अख्ख्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) सगळ्यात चांगला रेकॉर्ड. आणि सीझन संपला तेव्हा ८३-७९. सिनसिनाटी रेड्सचेही ८३-७९च, पण आपसातल्या मॅचेस त्यांनी जास्त जिंकलेल्या म्हणून ते प्लेऑफला गेले आणि आम्ही घरी. शेवटच्या दिवशी मायामीत ०-४ हरलो, त्या दिवशी फक्त जिंकायचं होतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅच नऊ इनिंगची, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे २७ आउट काढायचे. सुरुवात करतो तो स्टार्टिंग पिचर, तो साधारण ९०-१०० बॉल टाकतो आणि मग चार दिवस आराम, म्हणून प्रत्येक टीमकडे असे पाच लागतात, त्याला रोटेशन म्हणतात. स्टार्टरनंतर जे येतात ते रिलीव्हर, एकेक इनिंगवाले, त्यांचा मिळून बुलपेन. मॅचेस किती, तर सहा महिन्यांत १६२. स्टार्टर सहा-सात इनिंग टाकून गेला तर बुलपेनला दोन-तीनच इनिंग उरतात. स्टार्टर चौथ्याच इनिंगला बाहेर आला तर तेच रिलीव्हर रोज पाच-पाच इनिंग ओढणार, आज, उद्या, परवा, आणि ऑगस्ट येईपर्यंत त्यांचे हात संपलेले असतात.

मेट्सचं अगदी हेच झालं. त्याच १२ जूनला कोडाई सेंगा वॉशिंग्टनविरुद्ध पिचिंग करत होता, पाच इनिंग होऊन गेलेल्या, एकही रन दिलेली नाही, सीझनचा ईआरए १.४७, म्हणजे नऊ इनिंगमागे दीड रनसुद्धा नाही. साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, फर्स्ट बेसच्या फील्डरकडे, पीट अलोन्सोकडे गेला, सेंगा फर्स्ट बेस कव्हर करायला धावला, थ्रो जरा उंच आला, त्याने उडी मारून घेतला, पाय बेसवर लागला, बॅटर आउट झाला आणि सेंगा तिथेच गडगडला, उजवी मांडी धरून. मी तो क्षण किती वेळा परत पाहिलाय, थ्रो वीतभर खाली आला असता तर! नंतर तो परतला पण तो सेंगा परत आलाच नाही, सप्टेंबरमध्ये त्याला मायनर लीगला, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगला, पाठवावं लागलं. दोन आठवड्यांत ग्रिफिन कॅनिंगचा टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटला. टायलर मेगिल आणि फ्रँकी मोंटास दोघांचीही कोपरं गेली. शॉन मनाया जुलैत आला तोच दुखऱ्या कोपराने. क्ले होम्स बिचारा आयुष्यभराचा रिलीव्हर, त्याला यंदाच स्टार्टर केलेला, तो किती ओढणार. कित्येक आठवडे डेव्हिड पीटरसन सोडला तर एकही स्टार्टर सहा इनिंग पूर्ण करत नव्हता. सीझनभरात मेट्सनी ४० च्या वर पिचर वापरले, नावं लक्षात ठेवायची पण सोय राहिली नाही.

आता माझा खरा मुद्दा. यंदा ३१ जुलैला ट्रेड डेडलाइन होती, म्हणजे टीमनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची वेळ, न्यूयॉर्कला संध्याकाळी सहा, आपल्याकडे १ ऑगस्टची पहाट साडेतीन. आमचा ग्रुप अख्खा जागा, फोन चार्जिंगला लावून बसलेलो, बाहेर पाऊस. मेट्सनी काय केलं? रायन हेल्सली, टायलर रॉजर्स, ग्रेगरी सोटो, तीन रिलीव्हर, आणि एक सेंटर फील्डर. स्टार्टर एकही नाही. टाकीलाच पाणी चढत नसेल तर घरात बादल्या वाढवून काय होणार? रॉजर्स चांगला खेळला हे मान्यच, पण हेल्सली आला आणि त्याची लयच बिघडली, आणि एकंदरीत तीन ताजे हातसुद्धा महिनाभरात त्याच चरकात गेले, कारण चौथ्या-पाचव्या इनिंगपासून बोलावणं सुरू. डेव्हिड स्टर्न्स, म्हणजे मेट्सचे टीम बांधणारे मुख्य, हुशार माणूस आहे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्या रात्री भोक एका ठिकाणी होतं आणि ठिगळ दुसरीकडे लागलं.

त्याच दिवशी टोरंटोने काय केलं बघा. क्लीव्हलंडकडून शेन बीबर घेतला. २०२० चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता, पण कोपराचं ऑपरेशन होऊन अजून मेजर लीगमध्ये परतलाही नव्हता, म्हणजे रिस्कच होती, आणि बदल्यात त्यांनी एक मायनर लीगचा तरुण पिचर दिला. तोच बीबर ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचला ओहतानीसमोर उभा राहिला आणि टोरंटो ६-२ जिंकलं. हो, सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगला विल स्मिथने ज्याला होमरन मारला तोही बीबरच. पण सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगपर्यंत पोचले ना ते? आम्ही तर सप्टेंबरच्या पलीकडे गेलोच नाही.

लोक म्हणतात (आमच्या ग्रुपवर पण रोज भांडण) की ट्रेडमध्ये उद्याचे पोरगे जातात, आणि मग दहा वर्षं हात चोळत बसावं लागतं. खरं आहे, मेट्सइतकं हे कोणाला माहीत असणार. डिसेंबर १९७१ मध्ये नोलन रायनला कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन टाकलं, त्याने कारकिर्दीत एकूण ५,७१४ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर आउट करणं) आणि सात नो-हिटर (मॅचभर एकही हिट न देणं) केले, मेट्ससाठी त्या सात नो-हिटरमधला एकही नाही. पण तो ट्रेड पिचर देऊन बॅटर आणण्याचा होता हे लोक सोयीने विसरतात. २००४ चा तरुण पिचर स्कॉट काझमिर मात्र खरंच मनाला लागतो, त्याला देऊन पिचर व्हिक्टर झँब्रानो आणला, झँब्रानोचा हात गेला आणि इकडे काझमिर २००७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट काढणारा पिचर झाला.

पण मग १९८६ का आठवत नाही कोणाला? मेट्सचा शेवटचा किताब तो, आणि त्या वर्षीचं रोटेशन बघा. ड्वाइट गुडन घरचा, ड्राफ्टमधला. रॉन डार्लिंग टेक्ससकडून ट्रेडने आलेला. सिड फर्नांडिस डॉजर्सकडून ट्रेडने. आणि बॉब ओहेडा, १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये, अशाच थंडीतल्या ऑफसीझनमध्ये, बोस्टनकडून ट्रेडने, आणि पुढच्या सीझनला १८-५, म्हणजे १८ विजय त्याच्या नावावर आणि ५ पराभव! त्याच्या बदल्यात बोस्टनला जे पोरगे दिले त्यातला एक होता कॅल्विन शिराल्डी, चांगला पिचर, फुकटचा नव्हता. वर्ल्ड सिरीजला समोर कोण आलं तर बोस्टनच, आणि सहावी आणि सातवी दोन्ही मॅचेस शिराल्डीच्याच नावावर हरल्या गेल्या. म्हणजे ज्या ट्रेडने आपल्याला पिचर मिळाला त्याच ट्रेडमधला पोरगा समोरून हरला. आपल्या लोकांना हे लगेच कळेल, कारण मुंबई इंडियन्सने २०२० च्या सीझनआधी ट्रेंट बोल्टला दिल्लीकडून ट्रेडनेच घेतला होता आणि दुबईत फायनलला त्याने पहिल्याच बॉलवर विकेट काढली, तीन विकेट, मॅन ऑफ द मॅच, आणि समोर दिल्लीच. तेव्हा वानखेडेच्या पोरांपैकी कोणी म्हटलं का की ट्रेड वाईट असतो?

आता कोण आणायचा. सगळ्यांच्या तोंडी तारिक स्कुबल, डेट्रॉइटचा, सलग दुसऱ्या वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग याच महिन्यात मिळालाय. मिळाला तर सोनं, पण २०२६ नंतर तो फ्री एजंट, म्हणजे करार संपून कुठल्याही टीमकडे जायला मोकळा, होणार आणि डेट्रॉइट मागेल तो भाव एका वर्षासाठी मला झेपणारा वाटत नाही. मिनेसोटाचा जो रायन आहे, तोही चालेल. पण माझं मत विचाराल तर फ्रेडी पेराल्टा, मिलवॉकीचा. २९ वर्षांचा, यंदा १७-६, ईआरए २.७०, आणि पुढच्या वर्षाचा पगार फक्त ८० लाख डॉलर, जिथे बॅटर हुआन सोटोला मेट्सनी १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर दिलेत. पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न बदल्यात पोरगे कोणते द्यायचे एवढाच. आणि एक गोष्ट, पेराल्टाला मिलवॉकीत आणणारे स्टर्न्सच होते, डिसेंबर २०१५ मध्ये, ते तिथे जनरल मॅनेजर असताना, तोही ट्रेडच होता, पेराल्टा तेव्हा १९ वर्षांचा, कोणाला नाव माहीत नव्हतं. म्हणजे या माणसाला हा पिचर इतरांपेक्षा जास्त माहितीय. तोही एका वर्षाने फ्री एजंट होईल हे खरं, पण स्कुबलइतका भाव त्याला पडणार नाही आणि आवडला तर पुढचा करार करता येतो.

काही जण म्हणतात, मग फ्री एजंटच घ्या ना, फ्रँबर व्हाल्डेझ आहे, पोरगे तर वाचतील. व्हाल्डेझ उत्तम आहे, पण तो याच महिन्यात ३२ चा झालाय आणि पाच-सहा वर्षांचा करार मागणार, पिचरचा हात ३७ पर्यंत टिकेल याची कोण खात्री देणार. यामामोतोला तर मेट्सनीही डॉजर्सइतकेच ३२.५ कोटी डॉलर देऊ केले होते अशा बातम्या तेव्हा होत्या, तो नाही आला. पैसा सगळीकडे चालत नाही.

पोरांबद्दल माझं एवढंच, नोलन मॅक्लेनला हात लावू नका. ऑगस्टमध्ये आला आणि ५-१, ईआरए २.०६, त्या सगळ्या पडझडीत एकटा ताठ उभा होता, त्याची मॅच असली की आम्ही अलार्मशिवाय उठायचो. बाकी स्प्रोट, टाँग, जेट विल्यम्स, कोणाचंही नाव समोरून आलं तर निदान ऐकून घ्या. जोना टाँगबद्दल मलाही वाईट वाटेल, सप्टेंबरमध्ये टेक्ससविरुद्ध पहिल्याच इनिंगला सहा रन देऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता, वय २२, त्याला शिकायला वेळ द्यायला हवा होता, आणि तो वेळ मिळाला नाही कारण जुलैमध्ये स्टार्टर घेतला नाही म्हणून त्याला ओढून वर आणावं लागलं. पोरं सांभाळायची म्हणून ट्रेड केला नाही आणि पोरंच आगीत टाकली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आमचा मुख्य रिलीव्हर एडविन डियाझ, त्यानेही करारातून बाहेर पडायचं ठरवलंय, म्हणजे बुलपेनचं कामही आहेच, ते करा, पण आधी स्टार्टर.

तुम्हाला विनंती अशी. दुबईत याच महिन्यात बेसबॉल युनायटेड नावाची लीग सुरू झालीय, तिच्यात मुंबई कोब्राज नावाची टीम आहे, कराचीची पण आहे, म्हणजे आपल्याकडचे वाचक आता या खेळाकडे वळणारच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरलँडोला विंटर मीटिंग्ज आहेत, सगळ्या टीमचे लोक एका ठिकाणी येतात आणि मोठे ट्रेड बऱ्याचदा तिथेच ठरतात. तेव्हा क्रीडा पानावर थोडी जागा ठेवा, आणि बातमी देताना नुसतं कोण आला ते नको, बदल्यात कोण गेला, पिचरचं वय काय आणि करार किती वर्षांचा उरलाय, एवढं तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक, परळ