दुबईच्या सहलीत खाडीला अर्धा दिवस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीतल्या सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात येऊ लागल्या आहेत आणि त्यांत दुबई ठळकपणे दिसते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशा आणि वेळापत्रक समोर आले की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे, तसे हे कार्यक्रमही वाचले. बुर्ज खलिफा, दुबई मॉल, वाळूतली सफारी, रात्रीची बोट, सोन्याची खरेदी, पुन्हा मॉल. ज्या खाडीमुळे हे शहर जन्माला आले, ती बहुतेक कार्यक्रमांत नाही. असलीच तर 'बसमधून दर्शन' एवढ्या दोन शब्दांत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे अशाच एका गटाबरोबर गेलो होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पद्धत सगळीकडे हीच आहे. खाडीच्या पुलावरून बस गेली, मार्गदर्शकाने हात करून 'ही जुनी दुबई' म्हटले आणि पुढे एका ठरलेल्या दुकानात आम्हाला तासन्‌तास बसवून ठेवले. गटात सत्तरीचे लोक होते. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी आलेले होते. त्यांनी साठवलेल्या पैशांतून त्यांना काय पाहायला मिळाले, याचा मला मनापासून राग आला. म्हणून हे पत्र.

बुर्ज खलिफाबद्दल माझी तक्रार नाही. ८२८ मीटर उंचीची ती इमारत २०१० मध्ये खुली झाली. १२४ व्या मजल्यावरून खाली पाहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला थेट वाळवंट दिसते. असा नकाशा मुलांना फळ्यावर कितीही काढून दाखवला तरी समजत नाही. ते जरूर पाहावे. पण हे शहर इथे का उभे राहिले, याचे उत्तर त्या उंचीवरून मिळत नाही.

मोकळ्या मिळालेल्या दुपारी आम्ही गटातून वेगळे झालो आणि मेट्रोने निघालो. दुबई मॉलजवळ लाल मार्गावर बसायचे, बुर्जुमानला हिरव्या मार्गावर बदलायचे आणि अल गुबैबाला उतरायचे. गाडीला चालक नाही. डब्यात खाणेच काय, पाणी पिणेही चालत नाही, दंड होतो. मधुमेही वाचकांनी हे ध्यानात ठेवून गाडीत चढण्यापूर्वीच काही खाऊन घ्यावे. अल गुबैबाहून खाडीच्या काठाने चालत कापडबाजारातून पुढे गेले की अल फहिदी ही जुनी वस्ती लागते.

या वस्तीसाठी मी खरे तर सगळी सहल पुन्हा करीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पलीकडे इराणच्या किनाऱ्यावर जकात जाचक झाली, तेव्हा दुबईच्या शेखांनी व्यापाऱ्यांना करात सूट दिली. बस्तक भागातले व्यापारी खाडीकाठी येऊन स्थिरावले आणि त्यांनी ही घरे बांधली. भिंती समुद्रातल्या प्रवाळदगडाच्या आणि वर जिप्समचा गिलावा. छताच्या वर चौकोनी मनोरे, त्यांना बर्जील म्हणतात. मनोऱ्याच्या चारही बाजू उघड्या असतात आणि आत तिरप्या फुलीसारख्या भिंती असतात. वारा कुठूनही येवो, तो त्या फुलीला अडतो आणि खाली खोलीत उतरतो. दुसऱ्या बाजूने गरम हवा वर निघून जाते. आम्ही एका बर्जीलच्या बरोबर खाली उभे राहिलो. बाहेर गल्लीत हवा हलत नव्हती आणि इथे माझ्या पदराला झुळूक लागत होती. वीज नव्हती तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माणसे याच्या आधाराने राहिली. गल्ल्याही मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींची सावली एकमेकींवर पडते. भूगोलाच्या पुस्तकात 'हवामानाचा घरांवर होणारा परिणाम' असा धडा असतो. तो धडा इथे हात लावून पाहता येतो. १९८० च्या दशकात या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. जे उरले ते काही लोकांनी आग्रह धरला म्हणून उरले.

आणि आपल्या माणसांनी तर हे पाहायलाच हवे, कारण या खाडीचा आपल्या मुंबईशी जुना व्यवहार आहे. इथले लोक उन्हाळ्यात पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून मोत्यांसाठी बुडी मारत. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. १९३० च्या सुमारास जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा मोडला आणि दुबईवर उपासमारीची वेळ आली. इथे १९६६ पर्यंत रुपया चालत होता, आणि शेवटची काही वर्षे तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या नोटा छापल्या होत्या. हे ऐकून आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचे डोळे विस्फारले. एवढी माहिती बसमध्ये सांगायला मार्गदर्शकाला पाच मिनिटेही लागली नसती.

दुबई तेलावर उभी आहे असे आपण सर्रास म्हणतो. तेल १९६६ मध्ये सापडले. त्याच्या आधीच, खाडी गाळाने भरत चालली होती तेव्हा, दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून ती खोल करून घेतली, म्हणजे मोठी गलबते आत येऊ लागली. खाडीच्या पलीकडच्या, डेरा बाजूच्या धक्क्यावर आजही लाकडी गलबते लागलेली असतात. टायर, फ्रिज, तांदळाची पोती उघड्यावर रचलेली, बाजूला खलाशी चहा पीत बसलेले. हा माल इराणला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातो. मला मॉलच्या काचांपेक्षा या धक्क्यावर व्यापार म्हणजे काय ते जास्त कळले.

खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी असते. एक दिरहम नावाड्याच्या हातात ठेवायचा आणि बसायचे. काही मिनिटांत पलीकडे. कामावरून परतणारी माणसे शेजारी बसलेली असतात. जेवणासह सजवलेल्या बोटीचे गटाकडून वेगळे पैसे घेतले जातात; ती बोटही छान असेल, पण अब्रा सहलीत धरायला कोणाचे काय बिघडते?

पलीकडे मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार. केशर, वाळवलेली लिंबे, गुलाबकळ्या, लोबान. सोन्याबद्दल मात्र भगिनींना कळकळीने सांगते: भाव फलकावर ग्रॅमचा लिहिलेला असतो, तो सगळीकडे जवळपास सारखाच. घासाघीस करायची ती घडणावळीवर, आणि तिथे खूप फरक पडतो. खरेदी २५० दिरहमच्या वर असेल तर पासपोर्ट दाखवून करपरतीची नोंद दुकानातच करून घ्यावी. ५ टक्के मूल्यवर्धित कराचा बराचसा भाग विमानतळावर परत मिळतो. आणि आपल्याकडे उतरल्यावर दागिन्यांची शुल्कमाफी वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, चार दिवसांच्या पर्यटकासाठी नाही. ठरलेल्या दुकानात नेणाऱ्यांपैकी कोणीही हे आम्हाला सांगितले नाही.

जेवणाचेही तेच. रोज वरणभात आणि पुरीभाजी मिळाली, ज्येष्ठांसाठी ती सोय हवीच, मी नाकारत नाही. पण एक वेळ तरी तिथले अन्न द्यावे. शाकाहारी माणसाला हम्मूस, वांग्याचे मुतब्बल, खजुराचा पाक ओतलेले लुगैमात, म्हणजे पिठाचे गरम तळलेले गोळे, सहज चालतात. अल फहिदीत आम्ही वेलदोड्याची अरबी कॉफी, गहवा, घेतली. कान नसलेला छोटा कप. तो हलवून परत दिला नाही तर पुन्हा भरतात. ह्यांचे तीन कप झाले तेव्हा वाढणाऱ्या मुलाने हसून कप कसा हलवायचा ते दाखवले.

आता एक सूचना, जी प्रत्येक सहल कंपनीने लेखी द्यायला हवी. दिवाळीचा फराळ बरोबर नेणाऱ्यांनी अनारसे नेऊ नयेत, खसखस घातलेले काहीच नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातींत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते आणि त्यावरून लोकांना अटक झालेली आहे. कोडीन, ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनाही आधी परवानगी लागते. आमच्या गटात एका आजींच्या डब्यात अनारसे होते. निघायच्या आदल्या रात्री माझ्या भाच्याचा फोन आला म्हणून ते घरीच राहिले.

सहल कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. ठरलेल्या दुकानांतला वेळ कमी करून अर्धा दिवस खाडीला द्या: अल फहिदी, अब्रा, दोन्ही बाजार, आणि शक्य असेल तर काठावरच अल शिंदघा संग्रहालय. हे सगळे सपाटीवर आहे, सावकाश चालणाऱ्यांनाही जमते. उन्हाळ्यात मात्र दुपारी नेऊ नका. नोव्हेंबर ते मार्च योग्य. परतीला अल रास स्थानकावरून मेट्रो मिळते. आणि आपणही पर्यटन पुरवणीत दुबईवर लिहाल तेव्हा खाडीचा नकाशा जरूर छापावा, म्हणजे कंपनीने नेले नाही तरी वाचक स्वतः जाऊ शकतील.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा