फवारणीचा पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो आणि सोसायट्यांच्या बागांमध्ये फवारणीचे पंप बाहेर पडतात. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंडे आखडतात, कळ्या गळतात, खालच्या पानांवर चिकट गोड द्राव सांडतो आणि त्यावर काजळी धरते. ठेकेदार इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएट यांसारखे कीटकनाशक मारून जातो. तीन-चार आठवडे झाड बरे दिसते आणि मग कापूस परत येतो, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जास्त. तेव्हा औषध बदलले जाते किंवा मात्रा वाढवली जाते. हे चक्र का थांबत नाही, याबद्दल आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहावेसे वाटते.

कारण झाडावरच असते. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, त्यामुळे फवारणीतून बरीच वाचतात. त्याला खाणारे भुंगेरे आणि त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र उघड्यावर फिरतात. त्या पहिल्याच फवाऱ्यात संपतात. उरलेल्या अंड्यांतून आठवड्याभरात पिल्ले निघतात तेव्हा त्यांना खायला कोणीच शिल्लक नसते.

जास्वंदीची प्रादुर्भाव झालेली फांदी हातात घेऊन भिंगातून पाहावी. कापसात मऊ ढेकणांच्या मध्ये काही तपकिरी-लालसर, फुगीर, पिंपाच्या आकाराची कडक टरफले दिसतील. नखाने दाबली तर चिरडत नाहीत, टिचतात. हे परोपजीवी गांधीलमाशीने आतून पोखरलेले ढेकूण. टरफलाला एका टोकाला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून कामाला लागली आहे; भोक नसेल तर ती अजून आत आहे. कापसाच्या पिकावरच्या पिठ्या ढेकणाला आवरणारी एनॅसियस ही अशीच माशी, जेमतेम दोन मिलिमीटरची, आणि ती आपल्याकडे कोणी न सोडता आपोआप आढळते. दहा ढेकणांमागे तीन-चार अशी टरफले दिसली तर त्या झाडावर काहीही मारू नये. महिनाभर थांबावे.

अशा फांद्या छाटून लगेच जाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. छाटलेल्या फांद्या बादलीत ठेवाव्यात, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधावे आणि बादलीच्या काठाला बाहेरून दोन बोटे रुंद ग्रीसचा पट्टा लावावा. बादली सावलीत, पाऊस लागणार नाही अशी ठेवावी. गांधीलमाश्या कापडाच्या छिद्रांतून उडून जातात. ढेकणांची पिल्ले रांगत बाहेर आली तरी ग्रीसमध्ये अडकतात. पंधरा दिवसांनी फांद्या नष्ट कराव्यात.

मित्रकीटक, म्हणजे किडींना खाणारे कीटक, विकत आणायचे ठरवले तर पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलीमस हा लेडीबर्ड जातीचा भुंगेरा सर्वांत उपयोगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 मध्ये कॉफीवरील खवले किडीसाठी आणलेला. ती कीड त्याने फारशी आवरली नाही, पण पिठ्या ढेकणावर तो इथे रुळला आणि आज द्राक्ष, पेरू, सीताफळाच्या बागांत सोडला जातो. प्रौढ भुंगेरा चार मिलिमीटरचा, पंख काळपट, डोके आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. घोटाळा होतो तो त्याच्या अळीमुळे. अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुपके असतात आणि ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पैसे मोजून भुंगेरे आणायचे आणि पंधरा दिवसांनी त्यांचीच पिल्ले 'मोठे ढेकूण' समजून चिरडायची, हे वारंवार घडते. ओळख सोपी आहे: अळी पूर्ण वाढीची झाली की ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, झुपके विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचली की भराभर चालू लागते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही.

सोडण्याची रीत अशी. पूर्ण वाढलेल्या जास्वंदीला किंवा सीताफळाच्या झाडाला दहा भुंगेरे पुरतात, कुंडीतल्या झाडाला तीन-चार. संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाडावर हलका पाण्याचा शिडकावा करावा आणि डबी फांदीच्या बेचक्यात, ढेकणांच्या पुंजक्याजवळ उघडावी. लहान झाड असेल तर दोन-तीन रात्री मच्छरदाणी टाकून झाकावे, नाहीतर भुंगेरे शेजारच्या गच्चीवर निघून जातात. भर उन्हात डबी झटकली की सगळे उडालेच. ढेकणांच्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या आधी पुसून काढू नयेत, कारण मादी त्यांच्यातच अंडी घालते. दहा-बारा दिवसांनी अळ्या दिसू लागतात आणि झाड मोकळे व्हायला महिना ते दोन महिने लागतात. आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून मध्येच फवारणी करणे हा सगळ्यात मोठा घात. ऋतूही पाहावा: पारा पस्तिशीच्या वर गेला की हा भुंगेरा मंदावतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तो सोडण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

एवढे करूनही जिथे यश येत नाही, तिथे दहापैकी नऊ वेळा मुंग्या असतात. गोड द्रावासाठी मुंग्या ढेकूण आणि मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) राखतात, त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि भुंगेऱ्यांच्या अळ्यांना, गांधीलमाश्यांना हुसकावतात. म्हणून मुंग्या अडवणे हे पहिले काम, मित्रकीटक नंतर. खोडाला जमिनीपासून फूटभर वर चार बोटे रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी, सालीच्या खाचांत आधी कापूस भरावा, आणि पट्टीवर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये, साल जळते. धूळ बसली की पंधरा दिवसांनी नवा थर द्यावा. भिंतीला, ग्रिलला, कपड्यांच्या दोरीला टेकणारी एकही फांदी ठेवू नये. तेवढा एक पूल मुंग्यांना पुरतो. कुंडी असेल तर ती पाण्याच्या ताटलीत उलट्या वाटीवर ठेवावी, ताटलीतले पाणी डास होऊ नयेत म्हणून दर तीन दिवसांनी बदलावे.

कोकणातल्या वाचकांना ओंबील आठवतील. पाने विणून घर करणाऱ्या या लाल मुंग्या काजूवरच्या ढेकण्याला (पालवी-मोहोराचा रस शोषणारा डासासारखा किडा) हुसकावतात हे खरे, पण त्याच मुंग्या खवले कीड आणि पिठ्या ढेकूण सांभाळतात. काजूच्या बागेत त्या उपकारक आणि परसातल्या जास्वंदीवर अडचणीच्या.

मावा ही त्या मानाने सोपी कीड. गुलाबाच्या कळ्या, मोहरी, चवळी यांच्यावर थंडीत मावा आला की आठ-दहा दिवसांत लेडीबर्ड म्हणजे ढालकिडे आपोआप येतात; आपल्याकडे नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेली जात सर्वत्र आहे. तिची अळी काळसर, पाठीवर फिकट ठिपके, सहा पायांच्या छोट्या मगरीसारखी. प्रौढ ढालकिड्याइतकीच तीही मावा खाते, आणि ओळख नसल्याने सर्वांत जास्त मारली जाते तीच. माव्याच्या गर्दीत पाय नसलेली, हिरवट, चपटी अळी सरपटताना दिसली तर ती सिरफिड या फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीची, तीही मावा खाणारीच. पानाखाली सुतासारख्या देठावर एकेक पांढरे अंडे उभे दिसले तर ती क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकीटकाची. त्यांना बुरशी समजून पान खुडू नये. आणि पानावरून कचऱ्याचा किंवा कापसाचा छोटा पुंजका स्वतःहून चालताना दिसला, तर त्याखाली क्रायसोपाच्याच कुळातली अळी आहे. ती खाल्लेल्या किडींची टरफले पाठीवर लादून फिरते.

उलटी चूकही टाळायला हवी. वांगी, कारली, बटाटा यांच्यावर येणारा ठिपक्यांचा भुंगेरा लेडीबर्डसारखाच दिसतो, पण तो पाने खातो. त्याच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात आणि पाठ चकचकीत नसून बारीक लवेमुळे मंद दिसते. अळी पिवळी, अंगभर फांद्यांसारखे काटे. पानाची जाळी झाली असेल तर हाच. याला हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे, पानाखालचे पिवळ्या अंड्यांचे पुंजके खुडावेत.

ट्रायकोकार्डाबद्दल गैरसमज फार आहे. या कार्डावर तांदळावरील पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी वाढत असते. ती फक्त पतंग-फुलपाखरांच्या अंड्यांवर काम करते. वांग्यातली शेंडा व फळे पोखरणारी अळी, टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी यांच्यासाठी कार्ड उत्तम, मात्र फुलोरा सुरू होताच, दर आठवड्याला, कार्डाच्या पट्ट्या कापून पानाखाली टाचून. अळी फळात शिरल्यावर उपयोग शून्य. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांना ट्रायकोग्रामा स्पर्शही करत नाही, तरी जास्वंदीला कार्डे टांगलेली सर्रास दिसतात.

मित्रकीटक टिकवायचे तर त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. क्रायसोपाचे प्रौढ आणि गांधीलमाश्या मकरंद, परागावर जगतात. त्यांची तोंडे लहान असल्याने बडीशेप, शेपू, कोथिंबीर यांची उघडी बारीक फुले त्यांना सोयीची. दोन कुंड्या फुलोऱ्यावर जाऊ द्याव्यात, भाजी म्हणून पूर्ण खुडू नयेत. एका कोपऱ्यात मक्याची चार-पाच ताटे लावावीत: मक्यावरचा मावा गुलाबावर किंवा जास्वंदीवर जात नाही, पण त्याच्यावर ढालकिडे वाढतात आणि मग बागभर पसरतात. त्या ताटांवर मावा दिसला की घाबरून धुऊन टाकू नये, तो त्यासाठीच आहे.

निंबोळी अर्क आणि साबण 'नैसर्गिक' म्हणून कितीही मारावेत असे नाही. साबणाचे पाणी, लिटरला पाच मिली, अंगावर पडेल त्या मऊ किडीला मारते, मग ती अळी ढालकिड्याची का असेना. वाळल्यावर त्याचा असर राहत नाही, एवढा फायदा. म्हणून एक-दोन शेंड्यांवरच कीड असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावी. तिथे विकतचे भुंगेरे लागतही नाहीत. इमिडाक्लोप्रिड कुंडीत ओतले तर ते झाडात भिनते, मकरंदातही उतरते आणि अनेक आठवडे राहते. त्या झाडावर मित्रकीटक सोडणे व्यर्थ. नर्सरीतून आणलेल्या रोपाला काय दिले होते हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर भरपूर नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे.

हे सगळे हौशी बागांपुरते नाही. 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा उंच उसात फवारणी पुरी पडेना. तो आटोक्यात आला तो डिफा या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळ्या आणि क्रायसोपासारखाच मायक्रोमस हा मित्रकीटक यांच्यामुळे. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि पसरत पुण्यापर्यंत आला. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून तीन जातींच्या गांधीलमाश्या आणून बंगळूरच्या कृषी कीटकविषयक राष्ट्रीय संस्थेने त्या वाढवल्या, वाटल्या, आणि पपईच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

यातून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. सोसायट्यांच्या आणि महापालिकांच्या उद्यानांच्या कंत्राटात 'दरमहा कीटकनाशक फवारणी' असे कलम असते. कीड असो वा नसो, बिल निघण्यासाठी पंप फिरतो. त्याऐवजी 'दरमहा पाहणी, नोंद, आणि गरज असल्यास तेवढ्याच झाडावर उपाय' असे लिहावे. माळ्याला दहापट मोठे दाखवणारे भिंग द्यावे आणि दोन तास ओळख शिकवावी. दुसरी मागणी कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या जैविक प्रयोगशाळांकडे: मित्रकीटक एकराच्या हिशेबाने मिळतात, दहा झाडांच्या बागेला ते परवडत नाहीत. वीस-पंचवीस भुंगेऱ्यांची छोटी डबी, वर अळीचे ठळक छायाचित्र आणि सोडण्याची तारीख, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात विक्रीला ठेवावी. तोवर एखाद्या भागातल्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून एकत्र मागणी नोंदवली तर पाकीट वाटून घेता येते. मात्र पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी सोडण्याची तयारी हवी, आणि त्या आठवड्यात डासांसाठी धुरळणी होणार नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

आपला,
कृषी कीटकशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे