म्युनिकहून बाबांना पत्र

म्युनिक

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. संतचरित्रांची परखड चिकित्सा करणारे ते पुस्तक धाकटीने वाचनालयातून घरी आणल्यामुळे भजनी मंडळात कुरबुर सुरू झाली आहे आणि मंडळातील कोणाच्याही घरात ते नसावे असे ठरू घातले आहे, यावर आपण माझे मत विचारले आहे. माझ्या मते तिला ते वाचू द्यावे आणि शक्य झाल्यास आपणही वाचावे. ते पुस्तक चांगले आहे असे मी म्हणत नाही, कारण मी ते पाहिलेले नाही. परंतु मंडळातही ते कोणी वाचलेले दिसत नाही आणि माझी हरकत नेमकी तेथे आहे.

भजन संपताना आपण ‘आरती तुकारामा’ म्हणता, ती रामेश्वर भटांची. याच रामेश्वर भटांनी तुकोबांच्या कवित्वावर आक्षेप घेतला आणि त्यामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. पुढे त्यांचे मन पालटले आणि ‘रामेश्वरे चरणी मस्तक ठेविले’ असे त्यांनी स्वतःच त्या आरतीत लिहून ठेवले. ते अभंग कायमचे बुडाले असते, तर मन पालटण्यासाठी त्यांच्यापुढे काय उरले असते? ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ या चरणाचा अर्थ आपणच आम्हा भावंडांना समजावून दिला होता. हे म्हणणाऱ्या तुकोबांच्या विठ्ठलनिष्ठेविषयी कोणाला शंका नाही, म्हणून स्वतःच्या मनाला साक्षी ठेवून वाचणारी मुलगी भक्तीपासून दूर चालली आहे असे मला वाटत नाही.

ज्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून तिने ते पुस्तक आणले, त्याच्या नावामागची हकिकतही मंडळींना सांगण्यासारखी आहे. जैन धर्मग्रंथ छापणे हेच पाप, असे अनेक धर्मनिष्ठ जैन मानत होते, त्या काळात शेठ हिराचंद नेमचंद यांनी छपाईची बाजू घेतली. षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या प्राचीन धर्मग्रंथावरील ‘धवला’ या भाष्याची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीला होती. भाविकांना त्यांचे केवळ दर्शन मिळे. त्यांची नक्कल करून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी खटपट केली, त्यांत आपल्या सोलापूरचे हे शेठजी होते. त्या ग्रंथाचा पहिला छापील खंड निघायला 1939 साल उजाडले. ज्यांनी तो ग्रंथ उघडला ते धर्म बुडवायला निघालेले नव्हते. आपल्या शास्त्रात काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, एवढीच त्यांची तळमळ होती.

इकडेही असेच घडले आहे. रोमच्या चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादी 1559 पासून चालत आली होती आणि तीत गॅलिलिओ व कांट यांच्याबरोबर ख्रिस्तावर नितांत श्रद्धा असलेल्या पास्कालचेही लेखन होते. 1966मध्ये त्या यादीचे कायद्याचे बळ गेले आणि काय वाचावे हे श्रद्धावंताच्या विवेकावर सोपवले गेले. माझ्या शेजारच्या आजी दर रविवारी चर्चला जातात आणि त्यांच्या कपाटात चर्चवर टीका करणारी पुस्तकेही आहेत. त्यातील न पटलेल्या मजकुराशेजारी त्यांनी पेन्सिलीने उत्तरे लिहिलेली मी पाहिली आहेत.

आपल्याला वाईट वाटले, ते मला कळते. ज्यांचे नाव घेऊन आपला दिवस उगवतो, त्यांच्याविषयी कोणी कठोर लिहिले की मन दुखावणारच, आणि ते मोकळेपणाने बोलून दाखवण्याचा मंडळाला अधिकार आहे. मात्र एकाचे दुखावलेले मन दुसऱ्याच्या वाचनाचा निर्णय करू शकत नाही. लेखकाने गाथेतला अभंग तोडून वापरला असेल, तर संपूर्ण अभंग पुढे ठेवून त्याची चूक दाखवणारे आपल्या मंडळात किती तरी जण आहेत, आणि त्यांत आपला अधिकार मोठा आहे.

म्हणून येत्या एकादशीला कीर्तनानंतर धाकटीलाच त्यातील एक प्रकरण वाचून दाखवायला सांगावे, आणि ज्या विधानाला गाथेचा आधार सापडत नाही ते मला पानासह कळवावे.

ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार, धाकटीस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
थोरला मुलगा