बाबांच्या तपासणीच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. जेवण, झोप, थंडी सगळं ठीक आहे गं, मेतकूट अजून अर्धा डबा आहे.

पण मावशी म्हणाली ना, ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचं शिकून पोरगी जर्मनीत जाऊन भांडी घासते, ते लागलं मला. तिला नीट सांगा. पोट तपासायचा तो एंडोस्कोप वापरून फेकत नाहीत, तोच पुढच्या पेशंटच्या पोटात जातो आणि मधल्या वेळात तो माझ्या हातात असतो. ऑपरेशनची सरळ, कडक दुर्बीण ऑटोक्लेव्हमध्ये १३४ डिग्रीच्या वाफेत टाकता येते, ही लवचिक नळी तेवढी उष्णता सोसत नाही, म्हणून तिला औषधाच्या पाण्यानेच जंतुमुक्त करावं लागतं, आणि आत घाण चिकटून राहिली तर ते पाणी जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून धुण्याच्या मशीनमध्ये घालायच्या आधी हाताने घासायचं. आतलं भोक तीन-चार मिलिमीटरचं, नळी मीटर-दीड मीटर लांब, ब्रश एका टोकातून घालून दुसरीकडून काढायचा, केस बघायचे, धुवायचा, परत घालायचा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

त्याच्याही आधी लीक टेस्ट. बाबा, धायरी फाट्यावरचा पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघायचा ना, अगदी तसंच. नळीत हवा भरायची, पाण्यात बुडवायची, टोक वर-खाली वाकवून बघत राहायचं. मागच्या महिन्यात एका स्कोपच्या वाकणाऱ्या टोकापाशी मोहरीएवढे बुडबुडे दिसले, लगेच बाजूला काढला. बाहेर पेशंट ताटकळलेले, डॉक्टर चिडलेले, पण मी दिला नाही. फटीतून पाणी आत गेलं की यंत्र तर बिघडतंच, शिवाय ब्रश पोचत नाही अशा जागी जंतू घर करतात. आणि आई, हातांची काळजी नको, ग्लोव्हज, गाऊन, तोंडावर शील्ड सगळं असतं, हिपॅटायटिस बीची लस पण झालीय.

इथली एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला कळतच नव्हती. बाहेर शून्याखाली गेलेलं असतं आणि ही माणसं हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटं, सकाळी एकदा, रात्री एकदा, कधी दुपारीही. श्टोसल्युफ्टन म्हणतात. खिडकी किलकिली ठेवलेली चालत नाही, सताडच उघडायची. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात वर येऊन स्वतः करून दाखवलं. कारण असं की स्वयंपाक, अंघोळ, आपला श्वास, सगळ्याची वाफ घरात कोंडते, थंड भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. बाहेरच्या गार हवेत ओल फार कमी असते, ती आत येऊन तापली की घर कोरडं होतं, आणि एवढ्या थोड्या वेळात भिंती गार पडत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येतो ना, तीच ओल. स्कोपचंही तेच आहे. कितीही धुवा, आत ओल राहिली तर रात्रभरात जंतू वाढतात, म्हणून नळीतून कोरडी हवा सोडून, कपाटात उभा टांगून ठेवतो.

दादाला सांगा, बाबांच्या कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या दिवशी तिथल्या सिस्टरला शांतपणे विचार, स्कोप आधी ब्रशने घासता का, वाळवून टांगून ठेवता का. विचारण्यात गैर काही नाही. बाबा, आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध पूर्ण प्या, टाळाटाळ नको. मी इथे अनोळखी माणसांच्या नळ्या घासते आणि तुमच्या वेळी तिथे नाही, हे सारखं मनात येतं. असो, आता रडत बसत नाही.

चाळीस हजार पाठवलेत, त्यातले तपासणीचे वेगळे काढा, उरलेले दादाच्या हप्त्याला, आणि माझ्या लग्नाच्या एफडीला हात लावलात तरी चालेल, खरंच. चिंचवडच्या स्थळाला माझं काम लपवू नका, काय करते ते आहे तसं सांगा, त्यांना पटलं तर मे महिन्यात येते तेव्हा भेटू, नाही पटलं तर आई, तू वाईट वाटून घेऊ नको.

सोमवारी तुमचे नऊ म्हणजे माझे पहाटेचे साडेचार. मी जागी असेन, बाबांना आत नेलं की दादाला मिस कॉल द्यायला सांगा.

तुमची,
छोटी